पीपीओवरचं नाव

फौजी गेल्यावर त्याच्या बायकोची फॅमिली पेन्शन सुरू व्हायला जे महिने लागतात, त्यांतले बरेचसे एका नावाच्या स्पेलिंगपायी जातात. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तर हे हमखास.

आपल्या माणसांची नावं कागदावर कशी उतरतात ते बघा. भरतीच्या वेळी जवानाचं नाव लागलं महादेव जाधव. घरीदारी, गल्लीत, देवळात त्याला सगळे महादेवराव म्हणतात. मतदार यादीत ते ‘महादेव राव’ असं तुटलं आणि राव हेच आडनाव होऊन बसलं. आधार कार्डावर जाधवचं ‘जादव’ झालं. बायकोची तऱ्हा त्याहून वेगळी. माहेरची कुसुम, लग्नात सासरी ठेवलेलं नाव शालिनी. लग्नानंतर जवान रजेवरून परत गेला, युनिटच्या क्लार्कने विचारलं, त्याने सवयीने कुसुम सांगितलं, आणि तेच पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या अधिकृत नोंदीत, गेलं. पुढे आधारवर शालिनीबाई, बँकेत शालिनी जाधव, रेशन कार्डावर शालिनी देवी. घरच्यांना यात काहीच खटकत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक आहे की ही एकच बाई आहे. पेन्शनच्या कॉम्प्युटरला ते ठाऊक नसतं. खिडकीवरचा माणूस सांगतो, “अम्मा, नाम मेल नहीं खा रहा,” आणि तेराव्यानंतर आठवडाभरात बाहेर पडलेली आजी रिकाम्या हाताने घरी येते.

हे दुरुस्त करता येतं. पण कधी करायचं, याला फार महत्त्व आहे. नवरा हयात असताना तो स्वतः रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांचे सेवेचे कागद जिथे असतात त्या कार्यालयाला, अर्ज करतो की माझ्या पत्नीचं नाव अमुक लागलंय, ते तमुक करावं. सोबत मॅजिस्ट्रेटसमोर केलेलं शपथपत्र, दोघांचा एकत्र फोटो, दोघांचे आधार आणि पॅन, डिस्चार्ज बुकच्या, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तिकेच्या, पानांच्या प्रती. नाव पूर्णच बदललेलं असेल, कुसुमची शालिनी झालेली असेल, तर वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींची कात्रणंही लागतात, एक इंग्रजीतली आणि एक इथल्या भाषेतली. रेकॉर्ड ऑफिस त्यावरून पार्ट टू ऑर्डर काढतं, प्रकरण प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन, म्हणजे फौजेच्या पेन्शनचं काम बघणाऱ्या कार्यालयाकडे जातं आणि तिथून दुरुस्त पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, निघतो. वेळ लागतो, पण दरम्यान पेन्शन चालू असते आणि घर चालतं. तेच काम तो गेल्यावर निघालं तर आपण त्याचीच बायको आहोत हे तिला सिद्ध करावं लागतं. साक्षीदार शोधावे लागतात, कधी वारस दाखला मागितला जातो आणि तोवर खात्यात एक पैसा येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरात पेन्शनर आहे त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर ट्रंक उघडावी. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ शेजारी शेजारी ठेवावेत. डिस्चार्ज बुकात आर्मी नंबर असतो आणि त्याच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. ते अक्षर नंबरचाच भाग आहे. अर्जात ते गाळलं तर रेकॉर्ड ऑफिसात फाइल सापडायला उगाच वेळ जातो. पुढे भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि कारण, त्या वेळची मेडिकल कॅटेगरी, आणि कुटुंबाचं पान. या पानावर बायकोचं नाव, लग्नाची तारीख, मुलांची नावं आणि जन्मतारखा असायला हव्यात. बरेचदा थोरल्या दोघांची असतात आणि डिस्चार्जच्या सुमारास झालेल्या धाकट्याचं नाव राहून गेलेलं असतं. जुन्या पीपीओचा नंबर बघितला की पेन्शन कुठल्या प्रकारची ते कळतं: एस म्हणजे सर्व्हिस, डी म्हणजे डिसॅबिलिटी, एफ म्हणजे फॅमिली. आता ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत प्रत्येकाला नवा बारा आकडी पीपीओ नंबर मिळाला आहे. जुना आणि नवा, दोन्ही नंबर एकाच कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद बायकोच्या हाती द्या, मुलाच्या नको. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत असतो, आणि कागदाची गरज पडते ती इथे.

स्पर्शमध्ये लॉगिन करून स्वतःची माहिती पडताळायची सोय आहे, आणि ती पडताळणी फार लोकांनी केलेली नाही. बँकांकडून माहिती जशीच्या तशी उचलून प्रणालीत घातली गेली, तेव्हा जुन्या चुकाही सोबत आल्या. कुठे पत्नीचा रकाना कोरा, कुठे जन्मतारीख चुकलेली, कुठे हवालदाराचा नाईक झालेला. रँक, ग्रुप (ट्रेडनुसारचा गट) आणि क्वालिफाइंग सर्व्हिस (पेन्शनसाठी धरलेली सेवेची वर्षं) या तिन्हींवर वन रँक वन पेन्शनची रक्कम ठरते. सारख्या रँकला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन देणारी ही योजना १ जुलै २०१४ पासून लागू झाली आणि २०१९ व २०२४ च्या १ जुलैपासून पेन्शन नव्याने ठरवली गेली. त्यामुळे या तिघांत एक चूक असली तर प्रत्येक फेरीत नुकसान वाढत जातं. सरकारने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात आपली रँक, ग्रुप आणि सेवेची वर्षं शोधायची आणि समोरचा आकडा पेन्शन स्लिपमधल्या मूळ पेन्शनशी ताडून बघायचा. कोणीही दहावी झालेली नात हे पंधरा मिनिटांत करू शकते, आणि तिने ते आजोबांना शेजारी बसवून करावं. लॉगिन जमत नसेल तर कॉमन सर्व्हिस सेंटरवर किंवा बँकेच्या स्पर्श सेवा केंद्रात काम होतं.

नोव्हेंबरचं हयातीचं प्रमाणपत्र ही दुसरी मोठी अडचण. ऐंशी ओलांडलेल्यांना ते १ ऑक्टोबरपासून देता येतं. बोटांचे ठसे झिजलेले असतील तर मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचं डिजिटल प्रमाणपत्र, काढता येतं, त्यासाठी आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप्स लागतात. पोस्टमनला घरी बोलावूनही ते काढून घेता येतं, थोडं शुल्क पडतं. इथवर सगळं सोपं आहे. चुकतं ते फॉर्ममध्ये. पेन्शन स्पर्शवर गेलेली असताना, पैसे देणारी संस्था म्हणून लोक सवयीने आपल्या बँकेचं नाव निवडतात. प्रमाणपत्र तयार होतं, मोबाइलवर मेसेज येतो, आजोबा निश्चिंत होतात. पण ते गेलेलं असतं बँकेकडे, आणि बँक आता त्यांची पेन्शन देत नाही. यादीत डिफेन्सखाली ‘स्पर्श – पीसीडीए पेन्शन्स’ हाच पर्याय निवडायचा. पीपीओ नंबर नवा, बारा आकडी घालायचा. पेन्शन कुठली, सर्व्हिस की फॅमिली, ते नीट बघायचं. आणि ‘पुनर्विवाह केला आहे का’, ‘पुन्हा नोकरी करता का’ या दोन प्रश्नांपुढे घाईत ‘हो’ पडलं तर विधवेची पेन्शन किंवा महागाई भत्ता थांबू शकतो. सेंटरवरचा मुलगा भराभर बटणं दाबत असेल तर त्याला थांबवा आणि हे दोन प्रश्न स्वतः वाचा. एखाद्या बाईला स्वतःची शिक्षिकेची पेन्शन आणि नवऱ्याची फॅमिली पेन्शन अशा दोन असतील तर प्रमाणपत्रंही दोन. काही दिवसांनी स्पर्शमध्ये ते स्वीकारलं गेलं का, हे बघितल्याशिवाय काम झालं असं समजू नका. आणि याच दिवसांत फोनवर गोड बोलून ओटीपी मागणारे भामटे फिरतात. हयातीच्या दाखल्यासाठी कुठलंही सरकारी कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना दिवाळीच्या आधीच बजावून ठेवावं.

आता माणूस गेल्यानंतरचं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, आणि तो फॉर्म भरण्याची घाई नेमकी अशा वेळी होते की घरातलं कोणीच जाग्यावर नसतं. पुतण्या किंवा शेजारी जातो आणि तोंडात बसलेलं नाव सांगतो. तिथे पीपीओवरचं नाव, अक्षर न अक्षर, कागदावर लिहून न्यावं. मृत्यू दिल्लीच्या हॉस्पिटलात झाला असेल तर दाखला दिल्लीचा निघतो आणि नंतरच्या दुरुस्तीसाठीही तिकडेच जावं लागतं. स्पर्शमध्ये मृत्यूची नोंद लगेच करावी. ती लांबली तर पेन्शन जमा होत राहते, घरातली माणसं ती काढतात, आणि नंतर तेवढी रक्कम फॅमिली पेन्शनमधून कापली जाते. तो पैसा खात्यात तसाच पडू द्यावा. फॅमिली पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते, त्यामुळे मंजुरीला उशीर झाला तरी मधली थकबाकी बुडत नाही.

किती मिळेल, हे बाईला आधी कोणीतरी बसून समजावून सांगायला हवं. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, किमान दरमहा ९,००० रुपये आणि वर महागाई भत्ता. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर सुरुवातीला ५० टक्क्यांपर्यंतच्या वाढीव दराने मिळते, पण तो दर ७ वर्षं किंवा नवरा ६७ वर्षांचा झाला असता ती तारीख, यांतलं जे आधी येईल तोपर्यंतच. नवरा ६२ व्या वर्षी गेला तर पाच वर्षं वाढीव दर, सत्तरीत गेला तर पहिल्या दिवसापासून साधा दर. वाढीव मुदत संपते त्या महिन्यात रक्कम एकदम घटते, आणि चोरी झाली की काय, पेन्शन बंद पडली की काय, म्हणून बाया घाबऱ्या होतात. ती तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून दिली तर ही धास्ती वाचते. मृत्यू सेवेशी निगडित कारणाने झाला असेल तर विशेष फॅमिली पेन्शन ६० टक्के, आणि युद्धात किंवा तशा कारवाईत झाला असेल तर उदारीकृत फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराइतकी. कुठली लागू आहे हे युनिटच्या अहवालावर ठरतं, त्यामुळे सेवेतल्या मृत्यूत त्या अहवालाची प्रत घराकडे असलीच पाहिजे.

नवऱ्याने फौजेनंतर बँकेत किंवा रेल्वेत दुसरी सरकारी नोकरी केली असेल, तर २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्हीकडची फॅमिली पेन्शन घेता येते. ग्वाल्हेरात अशी घरं पुष्कळ आहेत, आणि ‘एकच मिळते’ या जुन्या समजुतीवर कितीतरी जणींनी दुसरीचा अर्जच केलेला नाही.

ऐंशी वर्षं झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. मात्र त्यासाठी आजीची जन्मतारीख रेकॉर्डवर हवी, आणि जुन्या पीपीओंत ती बरेचदा नसतेच. त्यात आधारचा घोळ. शिबिरात कार्ड काढताना वय अंदाजाने सांगितलेलं असतं आणि तारीख १ जानेवारी. आजीचं वय पाच-सात वर्षांनी कमी लागलं असेल तर तेवढी वर्षं ही वाढ हातची जाते. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून आधी शाळेचा दाखला, मतदार ओळखपत्र, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, काय काय आहे ते गोळा करून, कुठली तारीख सगळ्यांत भक्कम पुराव्याची ते ठरवा आणि मगच आधार केंद्रावर जा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती अंतराची. शहराच्या कुशीतच मुरारची छावणी, पलीकडे महाराजपुऱ्याचा हवाई तळ, भिंड-मुरैनाची गावं तर घरटी फौजी देणारी. पण कागद असतात ते रेकॉर्ड ऑफिसात, आणि ते रेजिमेंटगणिक वेगळं. महारचं सागरला, सिग्नल्स आणि ग्रेनेडियर्सचं जबलपूरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, ईएमईचं (यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या शाखेचं) सिकंदराबादला, हवाई दलाचं दिल्लीला. स्वतः जाऊन काम होतंच असं नाही. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, त्यांच्या पत्रासह पाठवला तर त्याला वजन येतं आणि जावक क्रमांकही हाती राहतो. मूळ डिस्चार्ज बुक कोणालाही पोस्टाने पाठवू नका, एजंटाला तर अजिबातच देऊ नका. दर पत्राची प्रत आणि स्पीड पोस्टची पावती एका फाइलीत तारखेनुसार लावा. पुढे अपिलाची वेळ आली तर ही फाइल उपयोगी पडते.

अपील म्हटलं की डिसॅबिलिटी पेन्शन आठवते. डिस्चार्जच्या वेळी मेडिकल बोर्डाने व्याधी नोंदवली, पण ‘सेवेमुळे झाली नाही आणि सेवेने वाढलीही नाही’ असा शेरा मारला, की दावा फेटाळला जातो. त्या पत्रानंतर सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं असतं. पुष्कळ जवान ते पत्र घडी घालून ठेवतात आणि विसरतात. पण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवला, तर तो सेवेमुळे झाला असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर राहील. २०१४ च्या राम अवतार प्रकरणानंतर पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारीचं राउंडिंग मिळू लागलं: २० ते ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरलं जातं, ५० ते ७५ पर्यंतचं ७५, आणि त्यावरचं १००. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागतात, त्यामुळे जुन्या शेजाऱ्याचं उदाहरण डोळे झाकून लावू नये. अपील फेटाळलं गेलं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं आपल्यासाठीचं पीठ जबलपूरला आहे. फार वर्षं उलटली असली तरी पेन्शनचा दावा उशिरामुळे सहसा मरत नाही, मात्र थकबाकी बहुधा अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणजे आणखी एक वर्ष थांबणं म्हणजे हातातलं एक वर्ष घालवणं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे आणि त्यात सैनिक बोर्डांत कायदेशीर मदतीची सोय ठेवली आहे. सैनिक कल्याण कार्यालयात जाल तेव्हा तिची चौकशी जरूर करा.

ईसीएचएसबद्दल दोनच गोष्टी, कारण तिथेच लोक पोळतात. नवरा गेल्यावर बायकोचं कार्ड आश्रित म्हणून चालू ठेवायचं नसतं, ती स्वतः मुख्य सभासद होते आणि कार्ड बदलून घ्यावं लागतं. आणि रात्री-अपरात्री पॅनेलवरच्या हॉस्पिटलात दाखल केलं तर ४८ तासांच्या आत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळलं पाहिजे. हॉस्पिटल कळवेल म्हणून गाफील राहू नका, घरच्या कोणीतरी खात्री करून घ्या. पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात तर ती जबाबदारी पूर्णपणे घरच्यांवरच येते.

ज्यांना पेन्शनच नाही, पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आधी घरी आलेले, त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही, आणि खरी ओढाताण त्यांच्याच घरी असते. हवालदारापर्यंतच्या रँकच्या, ६५ वर्षांवरच्या अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून निर्वाह अनुदान मिळतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते दरमहा ४,००० ऐवजी ८,००० रुपये झालं आहे. मुलांचं शिक्षण अनुदान दोन मुलांपर्यंत प्रत्येकी १,००० वरून २,००० वर आणि मुलीच्या लग्नाचं ५०,००० वरून १ लाखावर गेलं आहे. लग्नाचा अर्ज १८० दिवसांच्या आत करायचा असतो, आणि मांडव उतरल्यावर आहेराच्या याद्या करण्यात सहा महिने कसे जातात ते कळत नाही. हे पैसे ध्वज दिन निधीतून येतात, अर्ज ऑनलाइन होतो आणि तपासणी जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय करतं. अग्निवीरांचे नियम यांहून पूर्ण वेगळे आहेत. त्यांना पेन्शन नाही, विमा आणि सेवा निधी आहे, म्हणून त्यांच्या घरच्यांनी पेन्शनच्या रांगेत दिवस न घालवता युनिट आणि रेकॉर्ड ऑफिसशी सरळ बोलावं.

ज्या घरात दिव्यांग मूल आहे त्यांनी इतर सगळ्याच्या आधी हे काम हाती घ्यावं. सैनिक आणि त्याची पत्नी, दोघंही गेल्यावर अशा मुलाला किंवा मुलीला आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते, वय कितीही असो. ८ फेब्रुवारी २०२१ पासून उत्पन्नाची अट इतकीच की त्याचं स्वतःचं उत्पन्न त्या फॅमिली पेन्शनपेक्षा कमी असावं. आईवडील हयात असतानाच सरकारी मेडिकल बोर्डाचं प्रमाणपत्र घेऊन त्याचं नाव पीपीओमध्ये चढवून घेता येतं. हे राहून गेलं तर पन्नाशीतल्या, स्वतःची सही न करता येणाऱ्या मुलासाठी त्याच्या बहिणीला वर्षानुवर्षं चपला झिजवाव्या लागतात. आई ऐंशीची असेल, वडील गेलेले असतील, तरी अजून वेळ गेलेली नाही, अर्ज आईच्या सहीने होतो. त्या मुलाचं आधार, त्याच्या नावाचं बँक खातं, त्याचा जन्मदाखला आणि आईच्या मागे त्याला सांभाळणारं माणूस कोण, त्याचं नाव, एवढं सगळं त्याच अर्जासोबत लावून द्यायचं.